ईएनबीटी काढून ईएन२टी लावलं: कंट्रोललॉजिक्सच्या इथरनेट मॉड्यूलचा वापरून लिहिलेला रिव्ह्यू

पाचपैकी साडेचार स्टार, आणि अर्धा का कापला ते खाली येईलच. १७५६-ईएन२टी म्हणजे ॲलन-ब्रॅडलीच्या कंट्रोललॉजिक्स पीएलसीच्या (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरच्या) रॅकमध्ये बसणारं, त्याला नेटवर्कशी जोडणारं इथरनेट मॉड्यूल, आमच्याकडे ते जुन्या १७५६-ईएनबीटीच्या जागी बसवलं, एका लाईनवर बसवलं, तिथं नीट चाललं मग पुढची लाईन घेतली असं करत करत. त्यामुळे बॉक्स उघडला, हिरवा दिवा लागला आणि लिहायला बसलो असं झालेलं नाहीये, चालवून, काढून, परत बसवून मग लिहितोय.

पहिल्यांदा हे सांगतो की मी हे मॉड्यूल कशावर तोलतोय, कारण बाकीचे लोक बहुतेक वेळा स्पीड आणि कनेक्शनच्या आकड्यांवर बोलतात. नेटवर्क मॉड्यूल चालू असतं तोवर त्याच्याकडे कोणी बघतही नाही. त्याचा खरा कस लागतो तो रात्रपाळीला ते बंद पडल्यावर, ऑटोमेशनचा माणूस घरी, फोनवर उपलब्ध, पॅनलसमोर फक्त शिफ्टचा इलेक्ट्रिशियन आणि मागं उभे प्रॉडक्शनवाले, अशा वेळी त्या इलेक्ट्रिशियनला स्टोअरमधून स्पेअर आणून, बसवून, लाईन चालू करता येते का? माझ्यासाठी हाच प्रश्न आहे आणि या प्रश्नावर ईएन२टी ईएनबीटीपेक्षा खूपच पुढं आहे.

ईएनबीटी वाईट होतं असं अजिबात म्हणणार नाही. वर्षानुवर्षं गरम पॅनलमध्ये धूळ खात चाललं बिचारं. पण आता ते कंपनीनं बंद केलंय, नवीन मिळत नाही, आणि मिळतं ते कुठून आलंय याचा भरवसा नसतो (त्यावर पुढं बोलतो). शिवाय आमच्या लाईनवर ड्राईव्ह (मोटरचा वेग सांभाळणारे) वाढले, रिमोट रॅक वाढले, एचएमआय (ऑपरेटरच्या स्क्रीन) वाढले, वरून डेटा ओढणारा सर्व्हर आला, आणि हे सगळं एकाच ईएनबीटीवर लादलं गेलं. ईएनबीटीची मर्यादा ६४ टीसीपी कनेक्शन, १२८ सीआयपी कनेक्शन (सीआयपी म्हणजे ही उपकरणं एकमेकांशी बोलतात ती भाषा) आणि आय/ओसाठी (इनपुट-आउटपुटच्या डेटासाठी) सेकंदाला ५००० पॅकेट अशी आहे. ऐकायला भरपूर वाटतं पण हिशोब करून बघा, एका आय/ओ कनेक्शनला एका आरपीआयमध्ये (डेटा किती वेळानं पाठवायचा तो ठरलेला काळ) जाणारं एक आणि येणारं एक अशी दोन पॅकेट लागतात, आरपीआय २० मिलिसेकंद ठेवला तर सेकंदाला ५० फेऱ्या म्हणजे १०० पॅकेट, अशी ४५ कनेक्शन झाली की ४५०० पॅकेट, म्हणजे ९० टक्के तिथंच संपले. उरलेल्या १० टक्क्यांत एचएमआय, मेसेज इन्स्ट्रक्शन (प्रोग्रॅममधून दुसऱ्या उपकरणाला पाठवलेला निरोप), लॅपटॉपवरून ऑनलाईन जाणारा माणूस, सगळे. तेवढा १० टक्के वाव तर एक्स्प्लिसिट मेसेजसाठी (अशा गरजेपुरत्या निरोपांसाठी) राखून ठेवायलाच सांगतात. आणि आरपीआय २० ची गरज प्रत्येकाला नसतेच, पण कमिशनिंगच्या वेळी डिफॉल्ट जे आलं ते तसंच राहून जातं, हा अनुभव बहुतेकांचा असेल.

ईएन२टीमध्ये हेच आकडे १२८ टीसीपी आणि २५६ सीआयपी होतात. पॅकेटची मर्यादा सुरुवातीच्या फर्मवेअरला १०,००० होती, नंतरच्या फर्मवेअरला ती २५,००० पर्यंत गेली. वायरवरचा वेग मात्र तोच आहे, १०० एमबीपीएस, त्यामुळे "नवीन मॉड्यूल टाकलं की नेटवर्क फास्ट होईल" असं कोणी वरिष्ठांना सांगितलं असेल तर ते आधी दुरुस्त करा. केबल तेवढीच वाहते, मॉड्यूलची पेलायची ताकद वाढते. आमच्याकडे जाणवलेला फरक असा की जुन्या मॉड्यूलच्या वेब पेजवर सीपीयू युटिलायझेशन ८० च्या वर टेकलेलं असायचं, जिथं काहीतरी करा असं कंपनीची कागदपत्रंच सांगतात, तिथं आता निवांत आहे, आणि एचएमआयचं पान उघडताना टॅगच्या (कंट्रोलरमधल्या व्हॅल्यूच्या) जागी जे प्रश्नचिन्ह चमकून जायचं ते दिसेनासं झालं. ऑपरेटर लोकांनी हे आमच्या आधी ओळखलं.

आता हातात घेतल्यावर काय दिसतं ते. ईएनबीटीला पुढं चार अक्षरांचा डिस्प्ले, खाली आरजे४५, बस. ईएन२टीला डिस्प्ले तर आहेच, पुढं यूएसबी पोर्ट आलाय, आणि वरच्या अंगाला तीन छोटे रोटरी स्विच आलेत, शतक, दशक, एकक. स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं फिरतात. हे तीन स्विच म्हणजे या मॉड्यूलमधली माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोलाची गोष्ट. स्विचवर ००१ ते २५४ मधला आकडा लावून मॉड्यूल रॅकमध्ये सरकवलं की आयपी १९२.१६८.१ आणि पुढं तो आकडा, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, लॅपटॉप नको, सॉफ्टवेअर नको, काही नको. बंद पडलेल्या ईएन२टीच्या शेजारी धरून आकडा जुळवायचा आणि ढकलायचं. इलेक्ट्रिशियनला फोनवर सांगताना "तीन चकत्या आहेत वर, एक, दोन, पाच लाव आणि घाल आत" एवढं पुरतं. स्विच रॅकमध्ये बसवल्यावर हाताला लागत नाहीत आणि पॉवर आल्यावरच वाचले जातात, म्हणून बसवायच्या आधीच लावायचे, ही एक गोष्ट तेवढी सगळ्यांना पक्की सांगून ठेवा.

पण इथंच पहिला अडथळा. तुमचं नेटवर्क १९२.१६८.१ वर नसेल, किंवा मॉड्यूलला राउटरपलीकडं बोलायचं असेल आणि तुमचा स्वतःचा गेटवे द्यायचा असेल, तर स्विच उपयोगाचे नाहीत. आमच्या जुन्या लाईन १९२.१६८.१ वर होत्या म्हणून स्वर्ग, नंतरच्या लाईन आयटीवाल्यांनी दिलेल्या १० च्या रेंजमध्ये आहेत आणि तिथं हा सगळा फायदा शून्य. तिथं दोन मार्ग. एक म्हणजे स्पेअरला आधीच यूएसबीनं जोडून आरएसलिंक्स या सॉफ्टवेअरमधून पोर्ट कॉन्फिगरेशनमध्ये आयपी हातानं टाकून ठेवायचा आणि बूटपी-डीएचसीपी (नेटवर्कवरून आपोआप आयपी मागणं) बंद करायचं, बंद नाही केलं तर पुढच्या पॉवर सायकलला आयपी गायब. दुसरा म्हणजे मॅनेज्ड स्विचमध्ये (सेटिंग करता येणाऱ्या नेटवर्क स्विचमध्ये) पोर्टला बांधलेला डीएचसीपी, ज्याला पर्सिस्टन्स म्हणतात, त्या पोर्टवर जो कोणी येईल त्याला तोच आयपी मिळतो, मॅक (प्रत्येक मॉड्यूलचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) काहीही असो. हा दुसरा मार्ग मला जास्त आवडतो कारण स्पेअर कोरंच ठेवता येतं आणि एकच स्पेअर कुठल्याही लाईनला चालतं. यासाठी नेटवर्कचा स्विच तसा लागतो हे खरं.

यूएसबी पोर्टबद्दल दोन शब्द. फार सोयीचा आहे, आयपी नसतानाही मॉड्यूलशी बोलता येतं, फर्मवेअर टाकता येतं, आणि तिथूनच बॅकप्लेनवरून (रॅकच्या मागच्या बोर्डावरून) कंट्रोलरपर्यंत पोचता येतं. पण तो तात्पुरत्या कामासाठीच आहे, केबल ३ मीटरच्या आत, मध्ये हब नाही, आणि ज्वलनशील वायूचा भाग असेल तर तिथं लावायचाच नाही. काही ठिकाणी लोकांनी कायमचा पीसी यूएसबीवर लटकवून ठेवलेला पाहिलाय, तसं करू नका हो.

मूळ मुद्दा, बदलताना काय काय आडवं येतं. "सरळ काढा आणि सरळ लावा" हे जे सांगतात ते अर्ध्यापेक्षा जास्त खरं आहे, पण उरलेलं तेवढं सांभाळलं नाही तर शटडाऊनची रात्र त्यातच जाते.

सगळ्यात आधी इलेक्ट्रॉनिक कीइंग, म्हणजे स्लॉटमध्ये ठरलेलंच मॉड्यूल बसलंय का ही कंट्रोलरची तपासणी. प्रोजेक्टच्या आय/ओ ट्रीमध्ये (मॉड्यूलच्या यादीत) त्या स्लॉटला ईएनबीटी लिहिलेलं असतं आणि कीइंग एक्झॅक्ट मॅच असेल तर तिथं ईएन२टी बसलेलं कंट्रोलर मान्य करत नाही, ट्रीमध्ये पिवळा त्रिकोण येतो आणि कोड १६#०११४ किंवा त्याच्या आसपासचा, म्हणजे प्रॉडक्ट कोड जुळत नाही. कीइंग बदलून जुन्याच नावावर नवं चालवता येतं, पण मी म्हणेन शटडाऊन मिळतोय तर प्रोजेक्टमध्ये मॉड्यूलचा टाइप बदलूनच टाका, नाहीतर काही वर्षांनी येणारा माणूस ट्रीमध्ये ईएनबीटी बघून ईएनबीटी शोधत बसेल. प्रॉपर्टीजमध्ये चेंज टाइपचं बटण असतं, खालची झाड-फांदी तशीच राहते का हे सेव्ह करायच्या आधी डोळ्यांनी तपासा. त्यासाठी डाउनलोड लागतो, डाउनलोड म्हणजे कंट्रोलर प्रोग्रॅम मोडमध्ये, म्हणजे लाईन उभी. आणि डाउनलोडच्या आधी चालू कंट्रोलरमधून अपलोड घेऊनच त्याच फाईलवर काम करा, कारण टॅगच्या व्हॅल्यू फाईलमधल्या जातात. ऑपरेटरनी सहा महिन्यांत हळूहळू जुळवत आणलेले सेटपॉईंट, रेसिपी, काउंटर, सगळं जुन्या फाईलच्या व्हॅल्यूनं पुसलं जातं आणि ते कोणाच्या लगेच लक्षातही येत नाही, माल खराब निघायला लागल्यावर येतं.

दुसरं, फर्मवेअर आणि सिरीज. बॉक्सवर सिरीज ए, बी, सी, डी असं अक्षर असतं, ते बघितल्याशिवाय फर्मवेअरची फाईल उतरवू नका. सिरीज डी ला १० आणि पुढचं फर्मवेअर लागतं, जुन्या सिरीजना ते चालत नाही. एकाच प्लांटमध्ये दोन्ही सिरीजचे तुकडे असतील तर मोठं लेबल लावा. ज्यांच्याकडे रिडंडंट रॅक (एक बंद पडला तर दुसरा सांभाळतो अशी जोडी) आहेत त्यांनी तर हे फारच जपायचं, दोन्ही चॅसीतली मॉड्यूल एकमेकांशी जुळलीच पाहिजेत आणि फर्मवेअर त्या रिडंडन्सी बंडलमध्ये दिलेलंच हवं, नाहीतर सिंक होत नाही.

तिसरं पॉवर, आणि हे फारसं कोणी बघत नाही. ईएनबीटी बॅकप्लेनवरून ५.१ व्होल्टवर ७०० मिलिअँपिअर घेतं, ईएन२टी १ अँपिअर घेतं. एका मॉड्यूलमागे ३०० मिलिअँपिअर म्हणजे काही मोठं नाही असं वाटेल, पण रॅक भरलेला असेल, दोन-तीन इथरनेट मॉड्यूल असतील आणि सप्लाय पीए७२ असेल, ज्याची ५.१ व्होल्टची मर्यादा १० अँपिअर आहे, तर एकदा बेरीज करून घ्या. पीए७५ ला १३ अँपिअर मिळतात. सगळ्या स्लॉटची बेरीज कागदावर मांडायला पंधरा मिनिटं लागत नाहीत.

चौथं, आणि रात्रीच्या वेळी सगळ्यात जास्त डोकं खाणारं, ते म्हणजे मॅक ॲड्रेस. आयपी तोच ठेवला तरी मॅक नवा आहे. फायरवॉलमध्ये कोणी स्टॅटिक एआरपी (आयपी आणि मॅकची पक्की जोडी) टाकलेला असेल, स्विचच्या पोर्टला मॅक बांधून सिक्युरिटी लावलेली असेल, डीएचसीपीत मॅकवर रिझर्व्हेशन असेल, तर नवीन मॉड्यूल कितीही चांगलं असो, ते बोलणार नाही. काही उपकरणं जुना मॅक एआरपी टेबलमध्ये धरून बसतात, ती काही वेळानं किंवा रीस्टार्ट केल्यावर सुधारतात. आमच्याकडे एका लाईनवर लोकल आय/ओ, ड्राईव्ह, एचएमआय सगळं हिरवं, फक्त वरचा सर्व्हर मुका, आणि सगळे मॉड्यूलकडे बोट दाखवत होते, कारण बदललेलं तेवढंच होतं ना. शोधल्यावर मधल्या फायरवॉलमध्ये जुना मॅक लिहिलेला निघाला. म्हणून आयटीच्या माणसाला आधी सांगून ठेवा, नवीन मॅक मॉड्यूलच्या लेबलवर असतो, फोटो काढून पाठवला की काम झालं.

पाचवं, स्पीड आणि डुप्लेक्स. जुन्या काळी बऱ्याच जणांनी ईएनबीटी आणि स्विच दोन्हीकडे १०० फुल असं ठोकून बसवलंय. नवीन मॉड्यूल ऑटोवर येतं. एक बाजू ठोकलेली आणि एक ऑटो असली की ऑटोवाला हाफ डुप्लेक्स धरतो, लिंकचा दिवा लागतो, पिंग जातो, सगळं ठीक वाटतं, आणि लोड वाढला की कोलिजन आणि एफसीएस एरर (खराब झालेली पॅकेट) वाढत जातात, कधीतरी एखादा ड्राईव्ह कनेक्शन सोडतो, परत घेतो. असा आजार शोधायला फार वाईट. दोन्ही बाजू सारख्या ठेवा, आणि बसवल्यावर मॉड्यूलच्या वेब पेजवर इथरनेट स्टॅटिस्टिक्स बघा, एरर काउंटर वाढतोय की जागेवर आहे.

प्रत्यक्ष बदल कसा होतो ते सांगतो. कंट्रोललॉजिक्सचं मॉड्यूल चालू पॉवरवर काढता-घालता येतं, त्याला आरआययूपी म्हणतात. पण चालू पॉवरवर निघतं याचा अर्थ चालू लाईनवर काढायचं असा नाही! ते मॉड्यूल निघालं की त्याच्यामागची सगळी कनेक्शन तुटतात, रिमोट आउटपुट जसे कॉन्फिगर असतील तसे बंद होतात किंवा होल्ड राहतात, आणि एखाद्या मॉड्यूलला "कनेक्शन गेलं तर कंट्रोलर मेजर फॉल्ट" अशी खूण केलेली असेल तर कंट्रोलरच फॉल्टमध्ये जातो. धोकादायक वातावरण असेल तर पॉवर बंद करूनच. आमच्याकडे लाईन रिकामी केली, ड्राईव्हचे आयसोलेटर बंद करून लॉक लावले, मग हात घातला. केबलवर मार्कर, मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा, वरचा आणि खालचा टॅब एकदम दाबायचा आणि सरळ ओढायचं. नवीन घालताना बोर्डची कड वरच्या आणि खालच्या खाचेत बसली की एका दाबात आत जातं आणि दोन्ही टॅबचा टक् असा आवाज येतो, एकच आला तर परत काढा. मग डिस्प्लेवर टेस्ट, पास, ओके, फर्मवेअरचा नंबर, आणि मग आयपी उजवीकडून डावीकडं सरकायला लागतो. तो आयपी जुन्याशी जुळला की अर्धी लढाई जिंकलीच. तोच आयपी दुसऱ्या कोणाकडे असेल तर मॉड्यूल तसं डिस्प्लेवरच सांगतं, हेही चांगलं.

मागून शिफ्ट इन्चार्ज विचारत होते, "साहेब, लाईन द्यायची का?" तर तेव्हा घाईनं हो म्हणायचं नाही. ट्रीमधले सगळे पिवळे त्रिकोण गेले का, एकेक ड्राईव्ह स्टेटसमध्ये आला का, मेसेज इन्स्ट्रक्शनचे डन बिट येतायत का, एचएमआयवर अलार्म खरा येतो का, हे बघूनच. मेसेजचा पाथ म्हणजे बॅकप्लेन १, मग स्लॉट, मग इथरनेटचा पोर्ट २, मग समोरचा आयपी असा असतो, स्लॉट तोच ठेवला तर तो जसाच्या तसा चालतो, म्हणून "जरा सोयीच्या स्लॉटला हलवू" असला मोह कटाक्षानं टाळा. दुसऱ्या प्लांटच्या पीएलसीतून कोणी तुमच्याकडे पाथ लावून वाचत असेल तर ते तुमच्या प्रोजेक्टमध्ये दिसतही नाही.

आता खरेदीबद्दल, आणि इथं मला मनापासून राग आहे. एका पुरवठादाराकडून, नाव घेत नाही, आम्हाला सीलबंद "नवीन" म्हणून मॉड्यूल आले. त्यातल्या एकाला टेबलवरच्या रॅकमध्ये पॉवर दिली तर डिस्प्लेवर आयपी सरकायला लागला. कोऱ्या मॉड्यूलकडे स्वतःचा आयपी कुठून येणार? ते बूटपी-डीएचसीपीची वाट बघत स्वतःचा मॅक दाखवत बसतं, आणि स्विच ९९९ वर असतात. हे कुठल्यातरी दुसऱ्या कारखान्यातून उतरवून, पुसून, नवीन डब्यात घातलेलं होतं. हेच थेट चालू नेटवर्कवर गेलं असतं आणि तो आयपी आमच्या एखाद्या ड्राईव्हचा निघाला असता तर? लोकांच्या जिवाशी खेळ आहे हा, नुसती पैशाची फसवणूक नाही. परत पाठवलं, भांडलो, बदलून घेतलं. तेव्हापासून नियम, आलेलं प्रत्येक मॉड्यूल आधी टेबलवर पॉवर करायचं, सिरीज आणि फर्मवेअर टिपायचं, आणि स्विच ८८८ वर ठेवून एकदा पॉवर देऊन फॅक्टरी सेटिंगला आणायचं, मगच स्टोअरमध्ये. वापरलेला माल वापरलेला म्हणून विकला तर माझी हरकत नाही, काही जुन्या सिस्टीम त्यावरच तग धरून आहेत, पण तसं सांगून विका.

अर्धा स्टार कापला तो यासाठी की ईएन२टीला पोर्ट एकच आहे. नवीन खरेदी करत असाल तर थोडं पुढं जाऊन ईएन२टीआर घ्या, दोन पोर्ट आहेत, आत स्विच आहे, आणि डिव्हाइस लेव्हल रिंग बनवता येते. रिंगमध्ये एका ठिकाणी केबल तुटली तरी ५० नोडपर्यंतच्या रिंगमध्ये ३ मिलिसेकंदांच्या आत वाट बदलते, आय/ओला पत्ताही लागत नाही. केबल ट्रे जिथं फोर्कलिफ्टच्या वाटेत आहे तिथं हे सोनं आहे. ईएनबीटीला रिंगमध्ये यायला बाहेरून ईटॅप (रिंगला जोडणारा वेगळा डबा) लावावा लागायचा, ते प्रकरण संपतं. फक्त रिंगचा सुपरवायझर (रिंगवर लक्ष ठेवणारं उपकरण) कॉन्फिगर करून एनेबल केल्याशिवाय शेवटची केबल जोडून रिंग पूर्ण करू नका, नाहीतर साधा लूप होतो आणि ब्रॉडकास्ट स्टॉर्मनं सगळं नेटवर्क झोपतं. हे कागदपत्रांत लिहिलेलं आहे, तरी घाईत केबल आधी जोडली जाते, म्हणून ती केबल हातात धरून ठेवणारा माणूसच वेगळा ठेवा. ईएन४टीआर त्याहून वरचं, १ जीबीपीएस, सीआयपी सिक्युरिटीही आहे, पण ते ज्यांचा कंट्रोलर आणि सॉफ्टवेअर दोन्ही नवीन आहेत त्यांच्यासाठी, जुन्या व्हर्जनवर अडकलेल्यांनी आधी ते चालतं का हे तपासावं.

एक गोष्ट खरेदीच्या उत्साहात राहून जाते, सुरक्षा. जुलै २०२३ मध्ये रॉकवेलनं (ॲलन-ब्रॅडलीची मालक कंपनी) आणि अमेरिकेच्या सीसा या सायबरसुरक्षा संस्थेनं जाहीर केलं की ईएन२, ईएन३ आणि ईएन४ या मॉड्यूलच्या फर्मवेअरमध्ये गंभीर त्रुटी आहेत. ईएन२-ईएन३ साठीची त्रुटी सीव्हीई-२०२३-३५९५ या क्रमांकाची, गंभीरतेत दहापैकी ९.८ गुणांची, म्हणजे मुद्दाम बनवलेला सीआयपी मेसेज पाठवून बाहेरचा माणूस मॉड्यूलवर स्वतःचा कोड चालवू शकतो आणि तिथंच ठाण मांडू शकतो. नेटवर्क मॉड्यूलमधून जाणारा डेटा बदलता आला तर ऑपरेटरला स्क्रीनवर सगळं ठीक दिसेल आणि प्लांटमध्ये भलतंच चालू असेल. कंपनीनं दुरुस्त केलेलं फर्मवेअर दिलंय, जुन्या सिरीजसाठीसुद्धा दिलंय, याचे मी त्यांना पूर्ण गुण देतो. पण स्टोअरमध्ये पडलेल्या तुकड्यावर ते आपोआप जात नाही ना. आज चालू मॉड्यूलवर नवीन फर्मवेअर टाकलं आणि दोन वर्षांनी रात्री स्टोअरमधलं जुन्या फर्मवेअरचं स्पेअर बसलं की भोक परत उघडं. त्याबरोबर टीसीपी ४४८१८ आणि यूडीपी २२२२ हे पोर्ट ऑफिसच्या नेटवर्कवरून कंट्रोल नेटवर्कपर्यंत उघडे आहेत का हे एकदा फायरवॉलवाल्याला विचाराच, इथरनेट/आयपी (या मॉड्यूलचा प्रोटोकॉल) मुख्यतः यांच्यावर बोलतं आणि बाहेरून त्यांना यायचं काही कारण नाही.

मल्टिकास्टबद्दल (एकच पॅकेट अनेकांना पाठवणं) थोडं, कारण नवीन मॉड्यूल टाकूनही काहींची तक्रार जात नाही. जुने प्रोजेक्ट मल्टिकास्टवर आहेत, स्विच अनमॅनेज्ड असेल तर प्रत्येक आय/ओ पॅकेट प्रत्येक पोर्टवर जातं आणि प्रिंटरपासून एचएमआयपर्यंत सगळे ते झेलत बसतात. प्रोड्युस्ड-कन्झ्युम्ड टॅगला (कंट्रोलर एकमेकांना देतात त्या डेटाला) प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरच्या व्हर्जन १६ पासून आणि आय/ओला व्हर्जन १८ पासून युनिकास्ट (एकालाच पाठवणं) मिळतं, तो चौकोन टिक करा, आणि ते जमत नसेल तर आयजीएमपी स्नूपिंग (मल्टिकास्ट हवं त्याच पोर्टला देणं) असलेला मॅनेज्ड स्विच घ्या. मॉड्यूल बदलून हे सुटणार नाही, तेवढ्यासाठी ईएन२टी घेत असाल तर पैसे स्विचवर घाला.

तर कोणी घ्यावं? ईएनबीटी अजून चालतंय आणि स्पेअर नाही, त्यांनी ते बंद पडायची वाट न बघता पुढच्या शटडाऊनमध्येच. ईएनबीटी चालतंय, लोड कमी आहे आणि खात्रीचं स्पेअर आहे, त्यांना घाई नाही, पण प्रोजेक्टची ईएन२टी टाकून बदललेली फाईल तयार करून ठेवावी. नवीन लाईनवाल्यांनी थेट ईएन२टीआर.

आम्ही स्टोअरमध्ये आता प्रत्येक स्पेअरच्या अँटिस्टॅटिक पिशवीला एक कार्ड बांधतो, सिरीज, फर्मवेअर, मॅक, कुठल्या लाईनला काय आकडा लावायचा, कुठल्या पोर्टला केबल. टाचणीनं नाही, दोऱ्यानं, पिशवी फाटू नये म्हणून. फर्मवेअर बदललं की कार्डही बदलतं, आणि चालू मॉड्यूलवर अपडेट केलं की त्याच दिवशी स्पेअर टेबलवरच्या रॅकमध्ये घालून त्यावरही करतो.